आमचं कुटुंब घरीच असतं

त्या सकाळी वेणूबाईंनी कणीक भिजवली नाही.

बाहेरच्या खोलीत कॉटवर उशांना टेकून बसलेल्या बाबुरावांना आधी ते कळलंच नाही. घरात काहीतरी कमी आहे, एवढंच जाणवत राहिलं... आणि मग ध्यानात आलं, पोळपाटावर लाटण्याचा आवाज नाही! नारायण पेठेतल्या या दोन खोल्यांत सकाळ उजाडायची ती त्या आवाजानं. इतकी वर्षं तो कानावर पडत होता आणि त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. आज तो नव्हता म्हणून त्यांना ऐकू आला.

“अगं, बरं वाटत नाही का?”

“बरी आहे.”

“मग पोळ्या?”

“डबे बंद केले मी. आजपासून.”

आवाजात राग नव्हता. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि वेणूबाई थकल्या होत्या... देहानं तर थकल्याच होत्या, पण कालपासून त्यांच्या अंतःकरणातलंच काहीतरी खाली बसलं होतं. दारात संस्कृती रिकामा डबा घेऊन उभी राहिली. ती गोंदियाहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली आणि पलीकडच्या गल्लीत कॉटबेसिसवर राहणारी, रोज वेणूबाईंकडून डबा नेणारी मुलगी.

“काकू, डबा?”

“बंद केले गं बाळ. दुसरीकडे बघा आता.”

“पण काकू, परीक्षा तोंडावर आलीय... मी कुठे जाऊ?”

वेणूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि दार लोटून घेतलं.

कारण कालचं होतं. बाबुरावांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. चार पावलं चाललं की धाप लागायची. ऑपरेशनचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा हॉस्पिटलमधल्या बाईंनीच सांगितलं की सरकारी मदतीतून होऊ शकेल, फक्त उत्पन्नाचा दाखला आणा, आणि उत्पन्न मर्यादेच्या आत हवं. म्हणून लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी रुपाली हिंजवडीच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली, आणि तिघं दाखल्याच्या कचेरीत गेले.

खिडकीपलीकडे प्रियदर्शनी नावाची तरुण कारकून होती. मान वर न करता प्रश्न विचारायची तिला सवय असावी.

“काय करता आजोबा?”

“रिक्षा होती. स्वारगेटच्या स्टँडला. दम लागायला लागल्यापासून बंद आहे.”

“म्हणजे सध्या काही नाही. आणि कुटुंबाचं उत्पन्न?”

“कुटुंबाचं कुठलं आलंय उत्पन्न!” बाबुराव सहज म्हणाले. “आमचं कुटुंब घरीच असतं. काही कमवत नाही.”

मागे वेणूबाई उभ्या होत्या. एका हातात बाबुरावांची फाइल, दुसऱ्या हातात त्यांची पाण्याची बाटली. पदराला अजून सकाळच्या पिठाचा वास होता... आणि त्यांचा नवरा चारचौघांत सांगत होता, काही कमवत नाही!

“सही करा. खाली लिहिलंय, दिलेली माहिती खरी आहे म्हणून. नंतर चौकशी होते हं. इथं सगळेच गरीब असतात, घरी गेल्यावर कळतं,” प्रियदर्शनी कोरडेपणानं म्हणाली. बाबुरावांनी सही केली.

बाहेर आल्यावर रुपाली आईच्या कानाशी लागली. “आई, मनाला लावून घेऊ नकोस. शून्य लिहिलं गेलं ते बरंच झालं की. चौकशीला कुणी आलंच, तर डबे कधीच बंद केलेत म्हणू.”

याच डब्यांवर इंजिनीअर झालेली रुपाली हे बोलत होती! वेणूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. पोरगी वाईट नव्हती, बापाच्या जिवासाठी ती कासावीस झाली होती.

घरी येईपर्यंत त्यांनी मनाची समजूत घातली. बिचारे घाबरले असतील... मदत हातची जाईल या भीतीनं खोटं बोलले असतील. जन्मात कुठल्या प्रवाशाचे सुटे पैसे ठेवून न घेणारा माणूस, जिवाच्या भयानं एकदा खोटं बोलला, तर त्यात आपण काय दुखावून घ्यायचं? पण उद्या कुणी चौकशीला आलं, आणि खोटं सांगितलं म्हणून मदत अडली तर? ऑपरेशनच्या तोंडावर कुणी यांना खोटारडा म्हटलं तर?... नको! यांचा शब्द खोटा ठरायला नको. त्यापेक्षा तो खराच करून टाकावा. आणि त्यांनी डबे बंद केले. हा त्याग होता की आत कुठेतरी दडलेला राग होता, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी बाबुरावांनी पुन्हा विषय काढला. वेणूबाई त्यांना मऊ भात भरवत होत्या.

“डबे का बंद केलेस, ते तरी सांग.”

“तुमचा शब्द राहावा म्हणून. तुम्हीच सांगितलंत ना काल, कुटुंब काही कमवत नाही म्हणून? आता खरंच कमवत नाही. येऊ दे कुणालाही चौकशीला.”

बाबुराव गोंधळले. “म्हणजे? मी काही खोटं नाही बोललो. तिनं विचारलं, कुटुंबाचं उत्पन्न किती. कुटुंब म्हणजे तूच की! तू काय नोकरीला जातेस का कुठे?”

वेणूबाईंच्या हातातला चमचा ताटलीत पडला.

सगळं घर मिळून जे होतं त्याला कचेरीतली ती मुलगी कुटुंब म्हणत होती. आणि बाबुराव, त्यांचे वडील म्हणायचे तसे, बायकोला कुटुंब म्हणत होते. चूक एवढीशीच होती! कुणी ऐकलं असतं तर हसू आलं असतं. पण वेणूबाईंचं काळीज त्या क्षणी विदीर्ण झालं.

“म्हणजे... तुम्ही भीतीनं नाही बोललात? तुम्हाला खरंच तसं वाटतं?”

“अगं, वाटायचं काय त्यात...”

“खोटं बोलला असतात ना, तर मला बरं वाटलं असतं हो!” वेणूबाईंचा आवाज चिरकला. “काल सगळा वेळ तुम्हाला माफ करत बसले मी... खोटं बोलले बिचारे, माझ्यासाठी जगायचंय त्यांना, म्हणून खोटं बोलले... आणि तुम्ही खरं बोलत होतात! अहो, जन्मभर तव्यापुढे उभी राहिले मी. बोटं भाजली, पाठ गेली, आणि तुमच्या लेखी मी नुसती घरात बसून होते?”

बाबुरावांना काहीतरी बोलायचं होतं, पण धाप लागली. वेणूबाईंनीच मग त्यांची पाठ चोळली, पाणी पाजलं. रडता रडता त्या हे सगळं करत होत्या, आणि त्यांचा हात नेहमीइतकाच हलका होता.

पुढचे दिवस सरता सरेनात. घरात कुणी कुणाशी भांडत नव्हतं, एवढंच. औषधं वेळेवर मिळत होती, चहा मिळत होता. वेणूबाई मात्र काम संपलं की खिडकीशी बसून राहायच्या. काम करून न थकलेलं माणूस बसून इतकं थकू शकतं, हे बाबुराव पहिल्यांदाच पाहत होते. येणारी-जाणारी मुलं खिडकीशी रेंगाळायची, “काकू, कधी सुरू करताय?” विचारायची. त्या मान हलवायच्या. हो की नाही, ते कुणाला कळायचं नाही.

कॉटवर पडल्या पडल्या बाबुराव विचार करत होते. स्टँडवर ते अभिमानानं सांगायचे, ‘आमचं कुटुंब घरीच असतं.’ बायकोला कामाला बाहेर पाठवावं लागत नाही, हा त्यांचा मोठेपणा होता. घर रिक्षावर चालतं, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यांना स्वतःलाच ते कधीचं खरं वाटू लागलं होतं. पण आता रिक्षा बंद पडून किती महिने झाले? मग हा चहा कशाचा? ही औषधं कशाची?

एका संध्याकाळी त्यांनी हळूच विचारलं, “ऐकलंस का... लॉकडाऊनमध्ये रिक्षा दारात उभी होती. तेव्हा आपण काय खाल्लं गं?”

वेणूबाईंनी खिडकीबाहेरच बघत उत्तर दिलं. “पोळ्या. गावी जाता न आलेली मुलं होती ना, त्यांचे डबे होते.”

“आणि रुपालीची फी?”

“पोळ्याच.”

“रिक्षाचं इंजिन बसलं होतं, तेव्हा तुझ्या भावानं हात दिला होता ना...”

“माझ्या भावानं कुठले दिले! तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून त्याचं नाव सांगितलं होतं.” त्या थांबल्या. “पोळ्याच होत्या त्या.”

बाबुरावांनी डोळ्यांवर हात घेतला. त्यांचे खांदे हलत होते. वेणूबाई उठून आल्या, कारण रडल्यानं त्यांची धाप वाढली असती, आणि ते आता परवडणारं नव्हतं.

“उद्या कचेरीत जायचं,” ते म्हणाले.

“कशाला? दाखला मिळायचा आहे तो मिळू दे गुपचूप. तुमच्या जिवापेक्षा मला काही नको. माझं काय... इतकी वर्षं चाललं, पुढेही चालेल.”

“नाही चालणार,” बाबुराव म्हणाले. “तुझ्या जन्मावर शून्य लिहून मिळालेलं आयुष्य मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षानं गेले. बाबुराव आयुष्यात फारसे मागच्या सीटवर बसले नव्हते. सगळा रस्ता त्यांचा पाय ब्रेक दाबत होता. वेणूबाईंना त्याही अवस्थेत किंचित हसू आलं.

“दुरुस्ती करायची आहे,” खिडकीशी बाबुराव म्हणाले. “मी चुकीचं सांगितलं होतं. आमच्या यांचा डब्यांचा व्यवसाय आहे.”

प्रियदर्शनीनं पहिल्यांदाच मान वर केली. “आजोबा, इथं लोक आकडा कमी करायला येतात. वाढवायला आलेले तुम्ही पहिलेच. मर्यादेबाहेर गेलं तर मदत मिळणार नाही, कळतंय ना? ऑपरेशनसाठी आहे हे.”

“कळतंय. लिहा.”

तिनं खुर्ची वळवली. “काकू, महिन्याला किती मिळतात?”

वेणूबाई गांगरल्या. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. “कुठल्या महिन्याला? परीक्षेच्या आधी मुलं पुष्कळ असतात. निकाल लागला की निम्मी गावी जातात, काही तर हिशेब न करताच जातात... दिवाळीत काहीच नसतं. ठरलेलं असं काय सांगू?”

“मग सगळ्या वर्षाचं सांगा. भरलेले महिने, रिकामे महिने, दोन्ही धरा. अंदाजानंच, पण प्रामाणिक अंदाज. आणि कणीक, तेल, भाजी, गॅसचा खर्च वेगळा सांगा. आलेला सगळा पैसा म्हणजे तुमची कमाई नव्हे.”

वेणूबाई डोळे मिटून जमवाजमव करू लागल्या. आणि मनात विचार चमकून गेला... थोडं कमी सांगितलं तर? कोण बघणार आहे? यांचा जीव... तेवढ्यात बाबुरावांचा थंडगार हात त्यांच्या हातावर आला.

“खरं सांग. एक पोळीसुद्धा कमी सांगू नकोस.”

त्यांनी खरं सांगितलं. प्रियदर्शनीनं पुन्हा पुन्हा विचारून आकडा मांडला. “अगदी काठावर आहे, काकू. बसेल असं वाटतं. पण चौकशी होईल आणि ठरवतील ते साहेब. मी शब्द देऊ शकत नाही.” मग तिनं पुढचा रकाना घेतला. “कुटुंबप्रमुख कोण?”

“वेणूबाई,” बाबुराव म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“मी यांचं कुटुंब.” धाप आवरत त्यांनी वेणूबाईंकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. “मी घरीच असतो.”

प्रियदर्शनीची बोटं थबकली. मग तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, “मग तुमच्यापुढे उत्पन्न... काही नाही, असं लिहू?”

“लिहा. काही नाही.”

“थांब गं पोरी!” वेणूबाई खिडकीच्या गजांशी झुकल्या. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. “काही नाही असं नुसतं लिहू नकोस यांच्यापुढे. फार लागतं ते माणसाला... जन्मभर रिक्षा चालवली आहे त्यांनी. तेवढं आधी लिही, आणि मग हवं ते लिही.”