पहिली पंगत आणि पन्नास-सत्तरचं कोडं

सन २०६४ मधल्या एका शनिवारी दुपारी दीड वाजता नांदवडीच्या वाचनालयात गणूने एक बातमी सांगितली, आणि फळ्यावर कार्यक्रम लिहीत असलेल्या पद्मजा चौगुलेच्या हातातला खडू खाली पडून त्याचे तुकडे झाले.

गणू हा वाचनालयाचा यंत्रमानव. खाली तीन चाकं, पोटावर पडदा, आणि आवाज इतका गोड की त्याने "तुमच्या घराला आग लागली आहे" असं सांगितलं तरी ऐकणारा आधी "धन्यवाद" म्हणेल. त्याच आवाजात तो म्हणाला, "'अर्धी गोष्ट' हा कार्यक्रम सोमवारपासून नऊही गावांत बंद होत आहे. कोणाची हरकत असल्यास ती आज सायंकाळी पाचपर्यंत नोंदवावी."

"बंद? का पण?" पद्मजा ओरडली. वाचनालयात ओरडायचं नसतं हे तिला माहीत होतं. तेरा वर्षांची ती मुलगी गेली दोन वर्षं इथे याद्या लिहिण्याचं काम हौसेने करत होती. पण आत्ता तिला नियम वगैरे काही आठवेना.

त्याचं असं झालं होतं. नदीकाठच्या नऊ गावांच्या वाचनालयांनी मिळून 'संगम वाचनालय संघ' काढला होता. मुलांनी आपणहून पुस्तकं वाचावीत म्हणून संघाने दोन कार्यक्रम सुरू केले. पहिला 'गोष्टखोली'. तिथे आत पाऊल टाकलं की प्रकाशचित्रं (प्रकाशाच्या किरणांनी हवेत उभी केलेली, हात घातला तर आरपार जाणारी चित्रं) जिवंत होत. वाघ अंगावर येई, समुद्र पायाशी येई. दुसरा 'अर्धी गोष्ट', नांदवडीच्या ग्रंथपाल मगदूमबाईंचा; गुरुवारी नांदवडीत, बाकीच्या दिवशी इतर गावांत. तिथे ना वाघ, ना समुद्र. बाई सतरंजीवर बसून पुस्तक वाचायच्या आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायच्या. "पुढचं ज्याचं त्यानं वाचा," म्हणायच्या. मोठमोठी मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा अक्षरशः किंचाळायची.

पद्मजाचा भाऊ सन्मती त्या किंचाळणाऱ्यांपैकी एक होता. सोळा वर्षांच्या या पठ्ठ्याने शाळेची पुस्तकं सोडून कागदाला कधी हात लावला नव्हता, आणि शाळेच्या पुस्तकांनाही जपूनच लावत होता. पण गेले दोन महिने दर गुरुवारी तो गुपचूप बाईंकडे जात होता आणि त्याच्या पिशवीत पुस्तक दिसत होतं. दृष्ट लागेल म्हणून घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. आता कार्यक्रमच बंद झाला तर दादा पुन्हा खाटेवर लोळत पडणार, हे पद्मजाला स्पष्ट दिसत होतं.

गणूने पोटावरच्या पडद्यावर विदा (पाहणी करून गोळा केलेली माहिती) दाखवली. "नऊ गावांतली मिळून प्रत्येक कार्यक्रमात शंभर मुलं होती. महिन्याभरात आपणहून एक तरी पुस्तक पुरं वाचलं का, एवढंच आम्ही पाहिलं. गोष्टखोलीतल्या शंभरांपैकी सत्तर जणांनी वाचलं. 'अर्धी गोष्ट'मधल्या शंभरांपैकी पन्नास जणांनी."

मगदूमबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या.

"सत्तर आणि पन्नास," त्या म्हणाल्या. "मग संघाचं बरोबरच आहे गं पद्मजा. मला वाटत होतं, पोरं वाचतायत. मला नुसतं वाटतच होतं की काय?"

बाईंचा असा पडलेला आवाज पद्मजाने कधी ऐकला नव्हता. ती चपला न घालताच घराकडे पळाली.

पद्मजाचे आजोबा तात्यासाहेब चौगुले चाळीस वर्षं ऊस संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. कोणता वाण कोणत्या जमिनीत किती पिकतो, याचे प्रयोग करण्यात त्यांचा जन्म गेला. सगळं ऐकून घेतल्यावर ते काठी शोधत उठले.

"आज्जा, आकडे खोटे हैत न्हवं?" पद्मजाने आशेने विचारलं.

"आकडे खरेच असणार. यंत्र कशाला खोटं बोलंल?" आज्जा म्हणाले. "पर खरा आकडाबी माणसाला खड्ड्यात घालतोय, बाळ. मलाबी घातलेलं हाय त्येनं. चल."

वाचनालयात पोचल्यावर आज्जांनी गणूला नमस्कार केला. यंत्राला नमस्कार करणारा गावात तो एकच माणूस. मग खुर्ची ओढून ते म्हणाले, "आमी एकदा उसाचं दोन वाण लावलं हुतं. एक हिरवा, एक तांबडा. शेवटाला सगळ्या उसाची बेरीज केली, तर हिरव्याचा एकरी उतारा ज्यादा. आमी तांबडा वाण टाकून दिला. पेपरातबी छापून आलं. आणि वर्सानं आमच्यातल्याच एका पोरीनं इचारलं, साहेब, कुठला ऊस कुठल्या रानात लावलावता?"

"मग?" बाईंनी मान वर केली.

"मग काय! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हिरवा वाण बहुतेक काळ्या, कसदार रानात लावलावता. तांबडा बहुतेक क्षारपड रानात."

क्षारपड म्हणजे काय, हे नदीकाठच्या मुलांना सांगावं लागत नाही. पण तुम्ही दुसरीकडचे असाल तर ऐका. वर्षानुवर्षं शेताला फार पाणी दिलं की जमिनीतलं मीठ वर येतं आणि रान पांढरं पडतं. तिथे पीक धड येत नाही.

"क्षारपडीत कुठलाबी वाण कमीच पिकनार," आज्जा म्हणाले. "तांबडा काळ्या रानातबी हिरव्याला भारी हुता, क्षारपडीतबी भारी हुता. पर त्येच्या वाट्याला खराब रान जास्त आलं, म्हणून बेरजेत पडला. आता मला सांग गणूबाळा, तुझ्या पोरांत काळं रान कुठलं आणि क्षारपड कुठलं?"

गणूच्या चाकांची थोडी चुळबुळ झाली. "प्रश्न समजला नाही. मुलं ही जमीन नाहीत."

"वय!" पद्मजा एकदम म्हणाली. "आज्जा, ल्हान पोरं चटकन पुस्तक संपवत्यात. त्यांची पुस्तकंबी बारकीच असत्यात. मोठ्यांना वाचायला लावणं लई अवघड. दादाच बघा की!"

"गणू, सहा ते अकरा वर्षांची मुलं वेगळी कर आणि बारा ते सतरा वर्षांची वेगळी," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांनी हुकूमच सोडला. घड्याळात पावणेचार वाजले होते.

गणूने आधी लहान मुलं दाखवली. 'अर्धी गोष्ट'मध्ये लहान मुलं होती वीस. त्यांतल्या अठरांनी पुस्तक पुरं केलं होतं. गोष्टखोलीत लहान मुलं होती ऐंशी. त्यांतल्या चौसष्टांनी पुरं केलं होतं. पद्मजाने फळ्यावर टक्केवारी (शंभरामागे किती, हे सांगणारं प्रमाण) काढली. विसात अठरा म्हणजे शंभरात नव्वद. ऐंशीत चौसष्ट म्हणजे शंभरात ऐंशी.

"बाई, तुम्ही पुढं!" ती म्हणाली. "ल्हानांत तुम्ही पुढं आहात!"

"मग मोठ्यांत मी सपाटून मागे असणार," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय एकूणात हरेन कशी?"

तुम्हालाही असंच वाटलं असेल. मला तर नक्कीच वाटलं असतं.

गणूने मोठी मुलं दाखवली. गोष्टखोलीत मोठी मुलं होती वीस. पुस्तक पुरं केलं सहांनी. 'अर्धी गोष्ट'मध्ये होती ऐंशी; पुरं केलं बत्तीसांनी. पद्मजाने पुन्हा टक्केवारी काढली. गोष्टखोलीची आली तीस. बाईंची आली चाळीस.

तिने ती पुसली आणि पुन्हा काढली. पुन्हा चाळीसच.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. लहानांत पुढे, मोठ्यांत पुढे, आणि दोन्ही मिळून मागे! पद्मजाने बेरीज करून पाहिली. अठरा आणि बत्तीस पन्नास. चौसष्ट आणि सहा सत्तर. एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि म्हणूनच तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बरोबर केलेली बेरीज कधी फसवत नाही.

"ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती," गणू म्हणाला. त्याच्या गोड आवाजात पहिल्यांदाच खरखर ऐकू आली. "मला एकूण मोजायला सांगितलं होतं. मी एकूण मोजलं."

"हेला छुपा घटक म्हनत्यात," आज्जा म्हणाले. छुपा घटक म्हणजे निकाल बदलून टाकणारी, पण बेरजेत न दिसणारी गोष्ट. उसाच्या प्रयोगात ती जमीन होती, इथे वय: वाचायला लावणं अवघड अशी मोठी मुलं बाईंकडे जास्त, म्हणून त्यांची बेरीज कमी. "पर एक इचारतो. मोठी पोरं बहुतेक बाईंच्याच वाट्याला कशी आली? याद्या कुनी केल्या?"

पद्मजाचा चेहरा उतरला. या गावची यादी तिच्याच अक्षरात होती.

"मीच केली," ती हळूच म्हणाली. "गोष्टखोली नवी हुती, सगळ्यांनाच तिथं जायचं हुतं. मग मी म्हणलं, ल्हानांना आधी. उरलेल्या जागा मोठ्यांना. बाकीचे मोठे बाईंकडं. आपल्यात पंगतीला असंच करत्यात की, आज्जा! पहिली पंगत लेकरांची."

नदीकाठच्या गावांत लग्न असो नाहीतर जत्रा, लेकरांची पंगत उठल्याशिवाय मोठी माणसं पानावर बसत नाहीत. चांगली रीत आहे ती. पण रीत चांगली असली म्हणून प्रयोगात चालतेच असं नाही.

"फक्त नांदवडीत असं झालं असेल का?" बाईंनी विचारलं.

गणूने उरलेल्या आठ गावांच्या यंत्रमानवांना एकदमच प्रश्न विचारला, आणि आठ उत्तरं एकामागून एक पडद्यावर उमटली. लहानांना आधी. लहानांना आधी. सगळीकडे तेच. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं, तरी नऊ गावांतल्या नऊ जणांनी एकच चूक केली होती. पद्मजा ते बघतच राहिली.

"मला पंगत हा शब्द माहीत होता," गणू म्हणाला. "तिचा पुस्तकांशी काही संबंध असेल असं मात्र वाटलं नव्हतं."

"आमाला तरी कुठं वाटलं?" आज्जा हसले. "आता पद्मजा, हरकत लिव्ह. पर लई उड्या मारू नका. वीस पोरांवरनं कोन जिंकलं ते पक्कं ठरत न्हाई. म्हणावं, दोनी कार्यक्रम चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. आधी ल्हान-मोठी पोरं येगळी करा, मग दोनी गटांत चिठ्ठ्या टाकून कोन कुठं जानार ते ठरवा."

चिठ्ठ्या टाकून अशी वाटणी केली की तिला यादृच्छिक वाटणी (कोणाच्याही आवडीनिवडीवर न ठरणारी, नशिबाच्या हाती सोडलेली वाटणी) म्हणतात. मग चांगलं रान आणि क्षारपड रान दोघांच्याही वाट्याला सारखंच येतं.

चार वाजून चाळीस मिनिटांनी हरकत गेली. पाचला सात मिनिटं असताना संघाचं उत्तर आलं: निर्णय मागे, दोन्ही कार्यक्रम चालू, नवी पाहणी चिठ्ठ्यांनी. पद्मजाने आरोळी ठोकली. या वेळी तिला कोणी गप्प केलं नाही.

मगदूमबाई मात्र पडद्याकडेच पाहत होत्या. "ऐंशीतल्या बत्तीसांनी वाचलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे अठ्ठेचाळीस जणांनी नाही. मी जिंकले म्हणून ती अठ्ठेचाळीस पोरं कुठं जात नाहीत. गणू, नावं सांग त्यांची. मी एकेकाकडे जाऊन विचारणार आहे."

गणू नावं वाचू लागला. सहावं नाव होतं, "सन्मती चौगुले, नांदवडी."

"चुकलंय ते!" पद्मजा ताडकन म्हणाली. "त्याच्या पिशवीत पुस्तक असतंय. मी स्वतः बघितलंय."

"चुकलं न्हाई," मागून आवाज आला. बातमी ऐकून सन्मती धापा टाकत आला होता आणि दाराशी उभा होता. त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटच्या काही पानांपाशी खुणेची काडी घातलेली होती. "तेरा पानं राहिल्यात."

"दीड महिना झाला ते पुस्तक नेऊन!" बाई थक्क झाल्या. "तेरा पानं दीड महिना? आवडलं नाही का तुला?"

सन्मती जमिनीकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "लई आवडलं," तो म्हणाला. "म्हणूनच ठेवल्यात. मला वाटलं, आयुष्यात एक पुस्तक आवडलं, दुसरं कुठलं आवडतंय? हे संपलं की संपलं सगळं."

पद्मजाला हसावं की रडावं ते कळेना. आपला हा धिप्पाड दादा तेरा पानं अशी जपून ठेवत होता, आणि ती, त्याच्याच घरात राहणारी, त्याला वाचन सुटू नये म्हणून दुपारभर धावत होती! आकड्यांनी त्याला न वाचणाऱ्यांत टाकलं होतं.

"वेडा आहेस का रे तू?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हाताने सगळी कपाटं दाखवली. "हे बघ. नुसत्या या खोलीत अकरा हजार आहेत. बस खाली. वाच."

सन्मती तिथेच सतरंजीवर बसला आणि त्याने काडी काढली. आज्जांनी काठीचा आवाज होऊ नये म्हणून ती उचलून मांडीवर घेतली. बावीस मिनिटांनी सन्मतीने पुस्तक मिटलं आणि काडी खिशात घातली.

"ही नोंद मागच्या पाहणीत धरता येणार नाही," गणू हलक्या आवाजात म्हणाला. "चालेल का?"

"चालंल," सन्मती म्हणाला, आणि त्याने बाईंकडे बघितलं. "गुरुवारी कुठली गोष्ट हाय?"

बाई आधीच कपाटापाशी गेल्या होत्या. त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच पानं उलटत, ते नेमकं कुठे मिटायचं हे शोधू लागल्या.