सात नंबरची नळी

नवीन यंत्र आलं की त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो, हे मोठ्या बाईंना सत्तावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. हे यंत्र रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायचं. माणूस घाबरला, धास्तावला की शरीर जे सोडतं, ते. रीत म्हणजे निव्वळ संगीत खुर्ची. रक्तातलं कॉर्टिसॉल आणि कंपनीनं खूण करून पाठवलेलं कॉर्टिसॉल मोजक्या जागांसाठी धक्काबुक्की करतात. खुणेवाल्याला जागा मिळाली की उजेड पडतो. उजेड जितका कमी, तितकी रक्तातली धास्ती जास्त.

यंत्राची परीक्षा घ्यायला बारा निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. अकरा जण मिळाले. बारावा म्हणून बाईंनी नवऱ्याला धरून आणलं. तो पुलांची तपासणी करणारा, आता निवृत्त. आयुष्यभर भेगा शोधल्यामुळे त्याला घरातही भेगाच दिसत. गॅस बंद केलास ना, दोनदा बघितलंस ना, पोचल्यावर फोन कर. बाईंना दहा मिनिटं उशीर झाला की हा गॅलरीत उभा.

"दुखेल का गं?" त्यानं सुई बघून विचारलं.

"मुंगी चावेल, अहो. तिकडे बघा."

नंबर चिठ्ठ्या टाकून दिले होते; त्याच्या नळीवर सात नंबर पडला. रक्त फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं, गोठवलं. आता रोज त्यातले चार थेंब मोजायचे. गोठवलेल्या नमुन्याचा आकडा बदलायचं कारणच नसतं. बदललाच तर दोष यंत्राचा.

सोमवारी सात नंबर पंधरा. मंगळवारी पंधरा. बुधवारी अठ्ठावीस.

बाकीचे अकरा जागचे हलले नव्हते.

बाईंनी रसायनाची बाटली बदलली. अठ्ठावीसच. थोडा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवला. तिथं मोजायची रीतच वेगळी, रेणूचं वजन करणारी. त्यांचाही फोन आला: "अठ्ठावीस. काही गडबड आहे का, बाई?"

गडबड होती, पण कुठे ते बाईंना सांगता येईना. घरी जाताना त्यांना आठवलं, मंगळवारी संध्याकाळी त्या लिफ्टमध्ये तासभर अडकल्या होत्या. फोन लागत नव्हता. घरी पोचल्यावर नवरा किती आकांडतांडव करेल याची धडकी भरली होती. तो तर शांतपणे नखं कापत बसला होता.

"आलीस?" एवढंच म्हणाला.

निवृत्ती मानवली, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

शुक्रवारी रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं त्यांना पाडलं. गुडघा फुटला. लंगडत घरात शिरल्या. नवऱ्यानं गुडघ्याकडे पाहिलं.

"लागलं वाटतं," तो म्हणाला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

शनिवारी यंत्रानं सात नंबरचा आकडाच दिला नाही. पडद्यावर आलं: मोजता येण्याच्या पलीकडे.

 बाईंनी फोन करून नवऱ्याला बोलावून घेतलं आणि त्याचं ताजं रक्त काढलं. या वेळी त्यानं दुखेल का विचारलं नाही. सुई आत जाताना तो सुईकडेच बघत होता.

आकडा जवळजवळ शून्य. पुन्हा काढलं. तेच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी कागद खालीवर करून पाहिला. "एवढ्यावर माणूस उभा राहत नाही, बाई. कोसळतो." त्यांनी नवऱ्याला तपासलं. रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, नाडी संथ. तो टेबलाच्या कडेला पाय हलवत बसला होता, एखादी धून गुणगुणत.

"नळ्यांची अदलाबदल झाली असणार," त्या शेवटी म्हणाल्या. "सात नंबर वगळा. सोमवारी सगळे नमुने नष्ट करून टाका."

सोमवारी दुपारी खोलीत कोणी नव्हतं. नष्ट करायच्या पिशवीत अकरा नळ्या पडल्या. सात नंबरची बाईंच्या हातात राहिली. तळाशी जेमतेम दहा-बारा थेंब.

आपण काय करतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं.

"मी बरी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "गुडघाच खरचटलाय. हाड नाही मोडलं. अहो, ऐकताय ना?"

नळीत काहीच झालं नाही. होणार काय होतं?

त्यांनी चार थेंब यंत्रात घातले. अठरा मिनिटं लागतात. त्या उभ्याच राहिल्या.

पंधरा.

बाईंनी तो आकडा दोनदा वाचला. आनंद झाला की भीती वाटली, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

नोकरीत कधी टाचणी घरी नेली नव्हती. त्या दिवशी त्यांनी नळी बर्फात घालून डब्यातून घरी नेली आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेशेजारी उभी ठेवली. नवऱ्यानं पाहिलं. हे काय, असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आवरून निघाल्या. नवरा खिडकीजवळ बसला होता, चेहरा अगदी नितळ. पायात चपला घालून त्या परत आत वळल्या, वरचा कप्पा उघडला आणि गार वाफेत तोंड घालून पुटपुटल्या, "निघते हं. सहापर्यंत येते."

फ्रीजचं दार लावून घेतलं. मागून आवाज आला.

"सहा नक्की ना?" नवरा वर न बघता म्हणाला. "उशीर होणार असेल तर त्याला आत्ताच सांग. नाहीतर दिवसभर तुझ्या नावानं हाका मारत बसतो."