मोहाखालचे गुरुजी

मोहाखाली कुणीतरी वाकून फुलं वेचताना दिसलं, तेव्हा रंजीताने आधी दगडच उचलला. झाड तिच्या वाट्याचं, अन् चोर कोण... तर गावच्या शाळेत नवीन आलेले कुलदीप गुरुजी!

"मोहाच्या दिवसांत तुमची दिव्यानी शाळेत रोज उशिरा येते," ते ओशाळून हसले. "म्हटलं, वेचू लागावं जरा."

हसणं गोड होतं. म्हणूनच तिला संशय आला.

गेल्या वर्षी आधीचे गुरुजीही असेच गोड बोलले होते – 'सरकारी चाचणी हाये, त्या दिवशी पोट्टीले मोहावरच न्या.' रंजीताने भोळेपणाने नेलंही. मागाहून कळलं, शाळेचे गुण घसरू नयेत म्हणून कच्ची पोरं घरी ठेवली होती. नवरा गेल्यापासून जिच्यासाठी ती राबत होती, त्या लेकीला शाळेने हिशेबातच धरलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेलं. आता ती ताकही फुंकून पीत होती.

गुरुजी मात्र रोज पहाटे हजर.

"तुमाले घरी काम नाई का?"

"हाये ना. पण इथी सकाळ छान असते."

"शाळेतबी होते म्हणा सकाळ!"

ते लाजले. टोपली तिच्या डोक्यावर ठेवताना बोटाला बोट लागलं, अन् तिचा जीव उगीच धडधडला. मग ती स्वतःवरच चिडली.

यंदाच्या चाचणीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्या जरा लवकर या मोहावर."

झालं! म्हणजे हेही त्यातलेच.

सकाळी तिने दिव्यानीला गणवेश चढवला, तिचा हात धरला आणि भांडायलाच मोहाखाली गेली. तर जमीन स्वच्छ. टोपल्या भरलेल्या. गुरुजींच्या हातांवर नुसते ओरखडे.

"काऊन बोलावलं लवकर? पोट्टीले इथीच अडकवाले?"

"नाई... चाचणी चुकू नये म्हणून. वेचणं झालं. चला."

"हिले धड वाचता येत नाई. गुण कमी पडले तर साहेबांची बोलणी तुमाले बसतील."

"बसू द्या. काय येत नाई ते कळल्याशिवाय शिकवू काय?"

तरी तिचा पुरता विश्वास बसेना. ती शाळेच्या खिडकीशी उभीच राहिली. दिव्यानीच्या हातात पेपर पडला, पोरगी जीभ बाहेर काढून लिहायला लागली, तेव्हा कुठे रंजीताचे डोळे भरून आले.

पेपर वाटून गुरुजी खिडकीशी आले.

"तुमी रोज येत होते ते हिच्यासाठीच?" तिने हळूच विचारलं.

"अर्धं हिच्यासाठी..."

"अन् अर्धं?"

"ते चाचणीत नाई विचारत."

"मी विचारून राह्यली ना!"

गुरुजींनी एकदा वर्गाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुमच्यासाठी."

रंजीताने पदर नीट केला. चेहरा मात्र संशयी ठेवला.

"उद्यापासून दिव्यानी मोहावर येनार नाई. तिले अभ्यास हाये," ती म्हणाली. "तुमी या."