टाकीतली पंगत

त्या दुपारी मी पनवेलच्या बाजारातून गुळाची ढेप घेऊन निघाले होते. गूळ घरासाठी नव्हता, जंतूंसाठी होता. सांडपाणी केंद्रात मी ऑपरेटर. टाकीतला गाळ खाऊन कमी करणारे जंतू मी साहेबांच्या मागे लागून आणवले होते आणि त्यांनी जोर धरावा म्हणून त्यांना गूळपाणी पाजत होते. सगळे हसायचे. हसू देत. उरलेला गाळ ट्रकने आमच्याच खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदलीत, ओतला जायचा, आईच्या भातशेतीला लागून. आता तिथे जागा उरली नव्हती. जंतूंनी हात टेकले तर पुढचे ट्रक थेट शेतात येणार होते.

केंद्रावर काशिराममामा टाकीच्या कठड्याशी उभे होते. माझ्याच गावचे, माझ्याच पाळीचे. हातात रिकामा डबा.

"आज सर्वपित्री हाय ना. पितरांचं पान ठेवलं व्हतं कठड्यावर," ते म्हणाले. "या वासाला कावळा कुठला येतोय... मग टाकीतच सोडलं. हे पन भुकेलेच हायेत."

मी कपाळाला हात लावला. पण पान बुडालं होतं.

दिवेलागणीला वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस ते. हवा सोडणारं यंत्र थांबलं, टाकीचा खळखळाट थांबला. हवा नसेल तर जंतू मरतात, म्हणून मी कठड्याशी धावले. गाळाचा वास नव्हता. शिजल्या भाताचा वास येत होता. आणि खालून, काळ्या पाण्यातून, जेवणाचे आवाज... एकाचे नव्हे, अख्ख्या पंगतीचे. भुरके. बोटं चाटणं.

"किशोरी..." मामा कुजबुजले. "वाढ म्हनतायत."

"कोण?"

"माझा बा... तुझा पन."

माझे वडील खाजणाचा बांध राखता राखता गेले होते. मामांनी गुळाची ढेप उचलली. मी ती हिसकावून घेतली. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण संताप जास्त होता. पोरीच्या शेतात जगाची घाण येऊन पडतेय, आणि हे पंगतीला बसून वाढ मागतायत.

"गूळ नाय मिळायचा," मी ओणवून म्हणाले. "शेत तुमचंच हाय ना? मग आधी गाळ खा. आणून टाकलाय तेवढा सगळा."

आवाज थांबले. मग पुन्हा सुरू झाले, घाईघाईने.

सकाळी टाकीचा तळ दिसत होता. साहेबांनी जंतूंना शाबासकी दिली, ट्रक बंद झाले. शेत वाचलं. पुढे खाजणातले जुने ढीगही खचत खचत नाहीसे झाले. तिथे आम्ही जंतू टाकले नव्हते.

आई हल्ली भात चढवला की खाजणाकडचं मागचं दार लावून घेते. मी ते उघडते. बापाला काय घाबरायचं? परवा झाकण काढलं, तर पातेलं घासल्यासारखं स्वच्छ. खाली जाळ तसाच होता.

मी पुन्हा तांदूळ धुतले. दार लावलं नाही.