जिन्यातला खर्जवाला

बुटांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली... आणि आमच्या जिन्यात चार पोरं वाट अडवून गात उभी! पिट्सबर्गच्या आमच्या टेकडीवर ज्या इमारतीचा जिना घुमतो, तो गाणाऱ्यांचाच. तक्रार करून उपयोग नसतो.

"जरा सरकता का, महाराज?" मी म्हटलं.

तिघं सरकले. चौथा, सगळ्यांत उंच, आधी नुसता बघत राहिला... मग भिंतीला असा चिकटला, की मला हसूच फुटलं. तो ओरेल, या चौघांच्या 'हेझलटोन्स' गटाचा खर्जवाला. त्याचं 'बूम-बूम' सुरू झालं, की पायऱ्या थरथरायच्या. पण साधं बोलायची वेळ आली, की तोंडाला कुलूप!

आणि नेमकं तेच नडत होतं. शनिवारी त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग होतं, 'डार्लीन' नावाच्या गाण्याचं. त्यात मध्येच खर्जवाल्यानं डार्लीनशी नुसतं बोलायचं असतं. तिथे ओरेल दर वेळी अडखळायचा.

"शनिवारपर्यंत जमलं नाही, तर नदीपलीकडचा रूफस येईल तुझ्या जागी," मुख्य गाणारा थॅडियस वैतागून म्हणाला. गाणं त्याचं, डार्लीनही त्याचीच. पण ओरेलचा चेहरा असा उतरला, की मला राहवेना.

"भिंतीशी काय बोलतोस? माझ्याकडे बघून बोल."

"तुझ्याकडे बघून... तर अजिबातच जमणार नाही."

"का रे? मी काय खाते तुला?"

"नाही... म्हणजे— हो, थोडंसं."

बाई गं! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी पायरीवर बसायची आणि तो समोर उभा राहायचा. "सगळे गेले तरी मी इथेच आहे, डार्लीन," असं म्हणायचा, आणि मला त्या डार्लीनचा असा राग यायचा, काय सांगू!

शनिवारी वरच्या मजल्यावरच्या अर्मेल मावशीला सोबत घेऊन मी स्टुडिओत गेले. सगळ्यांना मिळून एकच माईक. एक चुकला, की सगळ्यांनी पहिल्यापासून. ओरेल चुकतच राहिला. वेळ संपत आली, थॅडियस दातओठ खात होता. ओरेलनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी सरळ जमिनीवर बसले, आमच्या पायरीवर बसायची तशी. तो हसला... आणि बोलला, कुठेही न अडखळता.

"सगळे गेले तरी मी इथेच आहे... व्हर्नेल."

माझं नाव! थॅडियसनं कपाळावर हात मारला, पण गाणं थांबवलं नाही. इतकं जमून आलेलं कोण थांबवणार?

"वेळ संपली. याचीच रेकॉर्ड काढतो," स्टुडिओचा मालक म्हणाला.

रेडिओवर ते गाजलं. "मंडळी, डार्लीनच्या गाण्यात ही व्हर्नेल कुठून घुसली?" निवेदक विचारायचा, आणि मावशीच्या पार्लरमधल्या बायका माझ्याकडे बघून खिदळायच्या. मी खोटंखोटं रागवायची. मग मालकाचा निरोप आला: रेकॉर्ड मोठ्या शहरांत पाठवायचीय, नाव सुधारून पुन्हा गा.

ओरेल जिन्यात उभा होता, हातातली टोपी चुरगाळत.

"उद्या चूक सुधारायचीय, व्हर्नेल."

"मग सुधार की," मी कशीबशी म्हणाले आणि पायरीवर बसले. "चल, सराव करू."

तो समोर उभा राहिला नाही. शेजारी बसला.

"उद्या मी डार्लीनच म्हणेन. थॅडियसचं गाणं आहे, त्याचा हक्क आहे. पण... चूक फक्त गाण्यात झाली होती. मी जे बोललो ते तुलाच बोललो. अजूनही तेच म्हणणं आहे." त्यानं श्वास घेतला. "माझी होशील?"

इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या हातातली चुरगळलेली टोपी घेऊन मी ती सरळ करत बसले.

पण आमच्या जिन्यात कुजबुजसुद्धा घुमते. वरच्या मजल्यावरून मावशी ओरडली, "अगं, तो पुन्हा गप्प व्हायच्या आत हो म्हण!"

"हो," मी म्हटलं... आणि तेही सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं.