जाळलेल्या मसुद्याचं उत्तर

जूनमधली दुपार होती, पण सेंट जॉन्स बंदरावर धुकं असं दाटलं होतं की गव्हर्नरांच्या बंगल्यातून समोरचं फाटकही दिसत नव्हतं. होनोरा टिझार्डने चहात काकवी ढवळली आणि लंडनची तार उलगडायला घेतली. न्यूफाउंडलंडचे गव्हर्नर आणि साम्राज्य सरकार यांच्यातल्या गुप्त तारा आकड्यांत यायच्या, त्यांचे शब्द करणं हे तिचं काम. नियम एकच, पण कडक: एका तारेतलं वाक्य दुसरीत जसंच्या तसं घ्यायचं नाही, नाहीतर शत्रूला संकेत उलगडतो. लंडनकरही तो काटेकोर पाळत.

पहिली ओळ उलगडली आणि तिचा हात थांबला.

‘टर्न जहाजाचा तळ कुजला आहे. ही माणसं माझ्या शब्दावर घरून निघाली. त्यांना परत पाठवा.’

हे शब्द तिने जानेवारीत एकदा वाचले होते. टर्न हे सीलच्या शिकारीचं जुनं जहाज, युद्धासाठी आरमाराने मागून नेलेलं. त्यावर तिचा मुलगा होता, लिअँडर. गव्हर्नर सर अँब्रोज यांनी तिरीमिरीत हा मसुदा लिहिला आणि लगेच शेकोटीत टाकला. “लंडनला असं लिहितात होय, टिझार्डबाई? शिष्टाचार म्हणून काही आहे की नाही?” मग त्यांनी दुसरा लिहिला: गैरसोय होणार नसेल तर विचार व्हावा, ही नम्र विनंती. होनोराने तो निमूटपणे आकड्यांत घातला. सवडीने विचार करू, असं लंडनने कळवलं. फेब्रुवारीत टर्न सगळ्या माणसांसकट बुडालं. त्या दिवशी आपण तोंड का उघडलं नाही, हे तिचं मन तिला रोज विचारत असे.

ती कागद घेऊन आत गेली.

“साहेब... हा तुमचा मसुदा. लंडनहून आलाय.”

सर अँब्रोज पांढरेफटक पडले. “मी तर तो जाळला. तुमच्यासमोर... कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगणार? लाज वाटते मला.”

“मलाही,” ते हळूच म्हणाले. “पुढे काय आहे?”

“‘आपली तार मिळाली. पाठवू का? ताबडतोब कळवा.’”

बंदराच्या तोंडाशी भोंगा वाजला. धुक्यासाठी दीपगृहावर वाजतो तो नव्हे... जहाजाचा. सर अँब्रोजांनी लेखणी उचलली. “गैरसोय होणार नसेल तर...” जित्याची खोड!

होनोराने कागद त्यांच्या हाताखालून ओढला. “आग लागो तुमच्या शिष्टाचाराला!” तिने एकच शब्द आकड्यांत घालून तारघरात दिला: पाठवा.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा भोंगा ऐकून टर्नवरच्या माणसांच्या बायका आधीच जमल्या होत्या. धक्क्याला लागणाऱ्या जहाजांचे दोर बांधणारा म्हातारा इलाय खुंटाजवळ उभा होता.

“जहाजावरून दोर फेकला, मी बांधला,” तो म्हणाला. “हाका मारतोय... कुणी ओ देत नाही.”

“कोण दिसलं?”

“या धुक्यात काय दिसणार, बाई? दोर मात्र बर्फासारखा गार आहे.”

संध्याकाळी धुकं उठलं. जहाज नव्हतंच. दोर खुंटापासून धक्क्याच्या कडेवरून सरळ पाण्यात गेला होता, खाली, ताठ. तिच्यामागून आलेले सर अँब्रोज टोपी काढून उभे राहिले. ओढून बघायची कुणाची छाती झाली नाही.

इलायने सुरी काढली. “तोडू?”

होनोराने दोरावर हात ठेवला. पाठवा म्हणताना आपण कोणाला बोलावतोय, याचा तिने विचारच केला नव्हता. तळव्याखाली एक हिसका बसला. मग आणखी एक, ओळखीच्या माणसाने बाही ओढावी तसा.

“नको,” ती म्हणाली आणि रडू लागली.

दोर अजून तिथेच आहे. कोणी त्याला हात लावत नाही. पण रोज सकाळी खुंटाभोवती त्याचा एक वेढा वाढलेला असतो, पाण्यातला दोर तेवढाच आखूड झालेला असतो, आणि तो नवा वेढा ओला असतो.