चोराच्या ढिगाखालची शिळा

"सारजे, आज तुझा चोर मोरीत जाणार," तिचा सवंगडी भीमा म्हणाला, आणि बोलल्याबरोबर त्यालाच वाईट वाटलं.

सारजानं समोरच्या दगडांच्या ढिगाकडं पाहिलं. निरवांगीच्या वाटेवरच्या त्या ढिगावर येणारा-जाणारा जो तो खडा टाकी. इथं गंगाजी पुरलाय, त्यानं गावच्या गाई पळवल्या, असं सगळे सांगत. गंगाजी सारजाचा पूर्वज. शाळेतसुद्धा तिला 'चोराची सारजा' म्हणत.

१९३४ सालची उन्हाळ्याची सुट्टी. इंदापूरच्या रस्त्याखालून पाणी जायला मोरी बांधायची होती, तिच्या दगडांसाठी मुकादम रामहरी तो ढीग उपसत होता. तळाशी एक उभट शिळा लागली.

"फोड," मुकादम म्हणाला. मजूर गेणबा घण आणायला गेला.

तेवढ्यात सारजाला शिळेवरच्या मातीतून डोकावणारं कोरीव शिंग दिसलं. शिळा फुटली की खरं काय ते कायमचं गेलं! ती मैत्रिणीच्या, कौसल्येच्या कानात कुजबुजली. कौसल्या मारुतीच्या देवळाकडं धावली आणि चिमूटभर शेंदूर घेऊन आली. सारजानं शिळेच्या माथ्यावर टिळा लावला. भीमासकट तिघांनी हात जोडले.

परत आलेल्या गेणबानं ते पाहून घण खाली ठेवला. "आता म्या घाव घालणार न्हाय."

"अरे, पोरांनी लावलाय त्यो."

"कुणी का लावंना. देव शेंदूर लावणाऱ्याचं वय इचारत न्हाय, मुकादम."

मुकादम तणतणत पाटलांना आणायला गेला. मुलांनी ओढ्याचं पाणी आणून शिळा घासायला घेतली. माती निघते न निघते तोच मोहनराव पाटील समोर उभे!

"कुणाचा हा पोरखेळ?"

सारजा पुढं झाली. "माझा. पाटीलतात्या, एवढं बघा, मग फोडा."

"काय बघायचं? गाई हायेत, ढाल घेतलेला माणूस हाय. चोरच की त्यो."

"गाई पळवणारा मागनं हाकत नेतो, तात्या. ह्यो गाईंच्या पुढं हाय. घोडेस्वार त्याच्या अंगावर आल्यात, गाई त्याच्या पाठीशी. आन् वर चंद्र-सूर्य. चोराला कोण चंद्र-सूर्य कोरून देतं?"

पाटील खाली बसले. उपरण्यानं त्यांनी त्या दगडी माणसाचं तोंड हलकेच पुसलं.

"वीरगळ हाय ही, लढताना पडलेल्या वीराचा दगड," ते हळू आवाजात म्हणाले. "मुकादम, मोरीला दुसरा दगड बघा. ही चावडीपुढं उभी राहील. पोरी, आमी जन्मभर ह्या वाटेनं गेलो, पर वाकून कुणी बघितलं न्हाय. तू बघितलंस. जा, तुझ्या आजोबांना, आबांना घेऊन ये. पहिली पूजा त्यांच्या हातची."

तापल्या फुफाट्यातून सारजा अनवाणी पळत सुटली. आबांना काय सांगावं, ते तिला सुचेना. दारात पोचल्यावर ती धापा टाकत एवढंच म्हणाली,

"आबा, त्यो गाईंच्या पुढं उभा हुता."